पिवळी पिन

"मग मी निघू ना, आप्पा?"

शार्दूलने पुन्हा विचारलं. पिशवी खांद्याला लावलेली, डोंगराखाली साडेपाचची एसटी यायची, आणि गुरूंची आज्ञा काही मिळत नव्हती.

आप्पा मठाच्या स्वयंपाकघरात, पोट सुटलेल्या एका जुन्या टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. घर बदलताना एका भक्ताने हा टीव्ही आणि त्याच्यासोबतचा व्हिडिओ गेम मठाला देऊन टाकला होता. तेव्हापासून रोज आरतीच्या आधी आप्पा आणि मठाचा स्वयंपाक करणाऱ्या गौराक्का मिळून विमानं उडवत. आज मात्र नुसतं संगीत वाजत होतं. पडदा काळा.

"का निघालास?"

"राग मानू नका. वर्ष होत आलं. डोळे मिटून बसतो, पण ना उजेड, ना शांती. गुडघे दुखतात तेवढं कळतं. नगरकडे एक महाराज आहेत, तिथे लवकर अनुभव येतो म्हणतात."

"येत असंल की."

आप्पांनी काळ्या पडद्याकडे बोट केलं. "जाता जाता एवढं बघतोस का? आवाज येतोय, चित्र येईना."

शार्दूल इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर होता, आणि मठात हे कुणी विसरू नये याची त्याने पुरेपूर काळजी घेतली होती. त्याने पिशवी खाली ठेवली. असलं काम त्याच्या डाव्या हातचा मळ.

आधी त्याने गेमची कॅसेट उपसली. "गौराक्का, हिच्यात फुंकर कोण मारतं?"

"मीच की. चुलीची सवय."

"थुंकी जाते आत. गंजतं."

"बरं बाबा," म्हणून गौराक्कांनी पदर तोंडाला लावला.

त्याने कॅसेटच्या पितळी पट्ट्या खोडरबराने घासल्या. काळा पडदा. टीव्ही एव्हीवर, म्हणजे गेमच्या वायरींवर, लावलेला आहे ना, ते पाहिलं. होता. पिवळी वायर चित्राची आणि पांढरी आवाजाची, म्हणून पिवळीच्या जागी पांढरी लावून पाहिली. तरी काळाच. म्हणजे वायरीचा दोष नव्हता. मग पिवळी परत लावून तो टीव्हीच्या मागे शिरला आणि पिन बोटाने जराशी वर रेटली.

"आलं! आलं!" गौराक्का ओरडल्या.

बोट काढलं.

"गेलं!"

"सॉकेट आतून सुटलंय," शार्दूलने निकाल दिला. "कथिलाचा डाग द्यावा लागेल. उद्या खालच्या गावातून कुणाला तरी बोलवा."

तात्पुरतं म्हणून त्याने चिकटपट्टी लावली. मग कागदाची घडी खोचली. चित्र कशालाच बधेना. बोट असलं की यायचं, नसलं की जायचं.

"धर की मग," आप्पा म्हणाले.

"मी?"

"एक डाव. गाडीला वेळ हाय."

शार्दूल पिठाचा डबा आणि भिंत यांच्यामध्ये उकिडवा बसला. मनातून चडफडला. चार वर्षं इंजिनीअरिंग शिकून शेवटी खुंटी झालो, असं त्याला वाटलं. तिथून पडदाही दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त खेळणाऱ्या दोघांचे चेहरे.

"आप्पा, डावीकडनं या! माझ्या वाटंत काय कडमडताय!"

आप्पांशी असं बोलायची मठात कुणाची छाती नव्हती.

"चुकलं, अक्का," आप्पा म्हणाले. अगदी शाळेतल्या पोरासारखे.

शार्दूलला हसू फुटलं. हात हलला.

"गेलं!" दोघं एकदम ओरडले. त्याने घाईघाईने पिन रेटली आणि श्वास रोखून धरला.

गौराक्का वर्षभर त्याला जेवू घालत होत्या. ताटातलं मीठ कमी पडलं की तो मान वर करायचा, तीही मिठापुरती. त्यांच्या गालाला खळी पडते हे त्याला आज कळलं. विमान वाचलं की खळी पडे, आणि पडद्याचा निळा-लाल उजेड तिच्यावरून सरकत जाई. आप्पा खालचा ओठ दातांत धरून खेळत होते. दोघांचीही विमानं पडली, दोघांनीही पुन्हा डाव मांडला. थांबायचं का, हे शार्दूलला कुणी विचारलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याला फार बरं वाटत होतं.

खालून हॉर्न ऐकू आला.

"शार्दूल, तुझी गाडी," आप्पा नजर न हलवता म्हणाले.

शार्दूलने पिन आणखी घट्ट रेटली.

"तुमचं विमान सांभाळा, आप्पा."

हॉर्न आणखी एकदा वाजला. मग एसटीची घरघर वळणाआड कमी कमी होत गेली.

बोट बधिर झालं होतं. इतका वेळ उकिडवं बसून गुडघे दुखले की नाही, हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते आत्ता आलं.

"आप्पा..." तो हलकेच म्हणाला. "मला आत्ता, इथं बसल्या बसल्या... काहीतरी..."

समोरच्या दोन्ही चेहऱ्यांवरचा उजेड थरथरला.

"बोलू नकोस," आप्पा म्हणाले. "चित्र जातंय."