पाळण्यातली मर्जी

कोळथेगडाच्या पायथ्याशी अफूचं दुकान उघडायला दिवाण रंगराव परवाना देणार, हे तुळशेट वाण्याच्या कानावर आलं. गडावर दोराने धान्य ओढणारी माणसं त्याची, आणि दुकान नेमकं त्यांच्या वाटेवर. त्याने लगेच विरोध कळवला.

दिवाणांना गड चढवत नसे, म्हणून ते दोराने वर ओढायच्या धान्याच्या पाळण्यात बसूनच वर जात. त्या दिवशी त्यांनी तुळशेटलाही शेजारी घेतलं.

"शेट, कुणी पोटात काय घालावं हे सरकारनं का पाहावं? ज्याची त्याची मर्जी."

"पटलं, साहेब." वाणी गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणत नाही. पाळणा निम्म्या कड्यावर आल्यावर तो सहज म्हणाला, "दोर ओढणाऱ्या भिवानं आज अफूची गोळी घेतलीय म्हणे."

दिवाण पांढरेफटक पडले. दोर घट्ट धरून त्यांनी कसंबसं विचारलं, "हे आत्ता सांगता?"

"त्याची मर्जी. आपण कोण विचारणार?"

वर पोचताच दिवाणांनी भिवाचे डोळे तपासले. भिवा चांगला शुद्धीत होता, नुसता गोंधळला होता.

"थापाड्या," दिवाण धापा टाकत म्हणाले. "बरं, दोरवाल्यांना बंदी. बाकीच्यांना मोकळीक."

"चालेल. आता नदी उतरवणारा नावाडी, तुमच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा न्हावी की दाराशी रात्रीचा पहारेकरी? मोकळीक कुणाला द्यायची, तेवढं नाव सांगा."

दिवाणांनी खाली दरीकडे पाहिलं. एकेकाला बोटांवर मोजून त्यांनी प्रत्येकाला वगळलं. परवाना बिनसहीचाच राहिला.