तुळशीची सोबतीण

विहीर तळाला गेली त्या वर्षी मी नेम धरला होता, की अंगणात रोज एकच तांब्या पाणी घालीन आणि तेवढ्यात तुळस जगवीन. तो नेम मला ज्या कहाणीनं सुचवला, ती मनोभावे ऐका.

फार पूर्वी एका उन्हाच्या अंगणात तुळस एकटीच उभी होती. घरची सून तिला रोज तांब्याभर पाणी घालायची, पण भोवतालची उघडी माती तापून तिची मुळं भाजायची. तिला सोबत हवी होती.

मऊ हिरवळ म्हणाली, "तुळसाबाई, मला घ्या. कार्तिकात तुमच्या लग्नाचं वऱ्हाड माझ्यावर बसेल. मला फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी पाजा."

तुळस हरखली. तेवढ्यात कुंपणाशी पडलेली चिनी गुलाबाची बोटभर फांदी हसली, "वऱ्हाड बसवायचंय, की आधी नवरी जगवायचीय?"

"तू गप्प बस गं!" हिरवळ फणकारली. "दुपार झाली की फुलं मिटून झोपतेस."

"झोपते, पण माती झाकून झोपते. तुळसाबाई, माझं पाणी माझ्या पानांत असतं. मला ऊन तेवढं द्या. तांब्या तुमचा तुम्हीच प्या."

तुळशीनं तिलाच जवळ केलं. सुनेनं फांदी मातीत खोचली. भर वैशाखात ती पसरली, माती गार राहिली आणि तांब्याभर पाणी मुळांना पुरलं. कार्तिकात नवरी हिरवीगार होती. वऱ्हाड अक्षता टाकायला उभंच होतं, बसायला जागा कुणी मागितलीच नाही. चिनी गुलाबाची फांदी मात्र करवली असूनही झोपली होती!

बायांनो, माझा नेम तुळशीमाईनं तडीस नेला. तुमचीही तुळस उन्हात असेल, तर माझ्याकडून फांदी न्या आणि आजच खोचा.