चिंधाईची आखूड पळी

कुणी म्हणून कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही! चैत्रातल्या रणरणत्या उन्हात मळाईच्या देवळापुढं उभी राहून चिंधाई घसा फोडून सांगत होती, "रांजण भरलेला हाय, अरे भरलेला हाय!" आणि अख्खं वाघजळ गाव नुसती नकारार्थी मान हलवत होतं. जिनं आयुष्यभर गावाला पाजलं, तिचंच गावाला खरं वाटेना. माणसं अशीच असतात. आता नीट बसा आणि ऐका.

ही फार जुनी गोष्ट. देवळापुढच्या चिंचेचं तेव्हा रोप होतं, आणि आज तिच्या सावलीत गाव मावतं. त्या काळी चैत्राच्या जत्रेला वाघजळात ज्वारीची आंबील करायचे. आंबील गार राहावी म्हणून रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. त्याचं तोंड पार भुईलगत. आत वाकून बघितलं तरी अंधाराशिवाय काही दिसायचं नाही, एवढा खोल.

ही आंबील करायची चिंधाई. नवरा नाही, पोर नाही, जीभ मात्र विळ्यासारखी. ती रांजणापाशी उकिडवी बसायची, करवंटीची आखूड पळी आत घालायची आणि समोर येईल त्याला म्हणायची, "बस. तोंड वर कर. नाव सांग." नाव कळल्याशिवाय ती पळी ओतायची नाही. पाटलीणबाई असो नाहीतर गावाबाहेरच्या पालातली बाई, सगळ्यांना तेच आणि त्याच आवाजात.

असं का, म्हणून कुणी विचारलं तर सांगायची, "दुष्काळात लहानपणी मला एकानं उभ्यानं भाकरी टाकली. धुळीत पडली. उचलून खाल्ली मी. त्या भाकरीची चव मला आठवत न्हाई, मातीची आठवती."

तिच्या पळीनं रांजण कधी आटला नाही, असं म्हणतात. जत्रेला कितीही माणूस येवो.

त्या काळी गावचा पाटील होता गुणाजी. उंच, धिप्पाड, आणि डोक्यावर हे एवढं पागोटं! पागोटं इतकं मोठं की वाकला तर पडणार. म्हणून गडी वाकायचाच नाही. देवळात जायचा तोही ताठ, आणि देवीलाच सांगायचा, "आई, मनातनं वाकलो बरं का."

एका साली देवळाच्या पायऱ्या बांधायला वडारी आले. बायका-पोरांसकट उन्हात दगड फोडले, पायऱ्या रचल्या. जत्रेच्या दिवशी त्यांनाही आंबिलीला बोलावणं होतं. देवीच्या पायऱ्या ज्यांनी बांधल्या त्यांना नाही कसं म्हणणार? पण पाटलाला घोर लागला. चिंधाई एकेकाला नाव विचारत बसणार, तोवर मानकरी ताटकळणार. शिवाय दगड फोडणारीला आणि पाटलिणीला एकाच पळीनं? छ्या!

त्यानं सुताराकडून करवंटीला लांबलचक बांबू बसवून घेतला. "मानकऱ्यांना चिंधे तू बसून वाढ," तो म्हणाला, "बाकीच्यांना पोरं उभ्यानं वाढतील. हात दुखायला नको, कंबर दुखायला नको."

"आणि नाव कोण विचारणार?" चिंधाई म्हणाली.

"नाव कशाला? तोंड आहे ना, पितील."

मानकरी जेवले. ढेकरा दिल्या. मग वडाऱ्यांची पाळी आली. सकाळपासून उपाशी माणसं, लेकरं मांडीवर, ओंजळी पुढं केलेल्या. एका तरण्या पोरानं उभ्यानं बांबू आत सोडला, ढवळला आणि वर काढला. पळी कोरडी ठणठणीत! दुसऱ्यानं काढला, तरी कोरडी. रांजणाचा तळ खडखड वाजतोय, असं पोरं शपथेवर सांगायला लागली.

"संपली!" पाटील गरजला. "एवढी ज्वारी दिली होती, गेली कुठं? हिनं चोरली!"

तेव्हा चिंधाई ओरडली ते, मघाशी सांगितलं तसं. भुईवर आडवी होऊन तिनं रांजणाच्या काठाला कान लावला. आत आंबील डुचमळत होती, तिला स्वच्छ ऐकू येत होतं. उठून ती पुन्हा ओरडली, "भरलेला हाय!" कुणी कान लावला का? नाही. गावाला कान होते, ते पाटलाच्या तोंडाला लावलेले.

"दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं," पाटील म्हणाला. चिंधाईनं पळी छातीशी धरली. या गावाशिवाय तिला दुसरं होतं कोण?

तेवढ्यात वडाऱ्यांतली राणू उठली. हातांना घट्टे, कडेवर पोरगी. ती पाटलाला म्हणाली, "पाटील, आमी काय झाडं हाय का, वरनं पानी घालाया? मानसं हाय. बसून वाढा की!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी जत्राच हसली. पाटलाचे कान लाल झाले.

चिंधाईनं आपली आखूड पळी त्याच्यापुढं धरली. "मी चोर असंन तर जाते. आत्ता जाते. पण आधी तुमी सोता बसा, वाका, आणि हिला वाढून दावा."

"दावतोच!" पाटील म्हणाला. तिला खोटं पाडायला म्हणून तो बसला, हयातीत पहिल्यांदा वाकला, आणि पागोटं सटकलं ते थेट रांजणात. डुबुक्!

आता सांगा, रिकाम्या रांजणात डुबुक् वाजतं का?

मग आतून आंबील वर यायला लागली. वर, वर, काठापर्यंत, आणि तिच्यावर तरंगत आलं पाटलाचं पागोटं, नावेसारखं डुलत. आंबील काठावरून उतू गेली, एकेकाच्या पुढ्यात गेली, आणि प्रत्येकाच्या ओंजळीशी येऊन थांबली, असं म्हणतात. म्हणतात काय, झालंच तसं!

राणूनं पागोटं बाहेर काढलं, पिळलं, दोन्ही हातांनी पाटलापुढं धरलं आणि विचारलं, "नाव काय तुमचं?"

उघड्या डोक्याचा पाटील भुईवर बसलेला. त्याला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "गुणाजी." नुसतं गुणाजी. मग पळी भरून त्यानं हळूच विचारलं, "आणि बाई, तुमचं?"

"राणू."

त्या दिवशी शेवटच्या लेकरापर्यंत पाटलानंच वाढलं. मांड्यांना गोळे आले, पण उठला नाही. चिंधाई शेजारी बसून त्याच्यावर खेकसत होती, "अहो, तोंडाकडं बघा, पळीकडं काय बघताय!" तिला गाव सोड म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पुढं सगळे दात पडेस्तोवर ती वाघजळातच नांदली.

आजही चैत्रात वाघजळला जाऊन बघा. वाढणारा टोपी, फेटा, काय असेल ते राणूच्या पायरीवर काढून ठेवतो. ती सगळ्यात खालची पायरी, तिला राणूचीच पायरी म्हणतात. मग तो रांजणापाशी बसतो. आमदार येवो, भिकारी येवो, "बस, नाव सांग" म्हटल्याशिवाय पळी हलत नाही. पळी आखूडच. लांब दांड्याची करू म्हणून एका शहाण्यानं सुचवलं होतं, त्याला बायकांनी पिटाळून लावलं.

आणि आंबील कधी कमी पडली, नासली, नाहीतर नुसती खारट झाली, तरी आंबील करणारीला कुणी चकार शब्द बोलत नाही. चिंधाईच्या वेळची चूक गाव पुन्हा करत नाही. म्हातारी माणसं हसत हसत विचारतात, "आंबिलीची ही गत कुणामुळं रे?" आणि चिंचेखालची सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, "गुणाजी पाटील!"