नाकेदाराची वीस वर्षं

शंखपूरच्या राजाला कसबी माणसं हवी होती. त्यानं दवंडी पिटवली, "दोन वर्षांचा अनुभव दाखवा आणि आमच्या राज्यात येऊन राहा." चिमाबाई रंगारीण घरदार मोडून परवान्यासाठी शंखपूरच्या नाक्यावर आली. पण तीन दिवस तिची पाळीच येईना, कारण दुपारची तोफ झाली की नाकेदार त्रिंबकराव दप्तर गुंडाळून घरी जात, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळीच उगवत.

चौथ्या दिवशी पाळी आली. चिमाबाई म्हणाली, "सासूचं आजारपण काढत रोज अर्धाच दिवस, पण चार वर्षं लुगडी रंगवलीत."

त्रिंबकराव फिसकन हसले. "अर्ध्या दिवसाचं काम आम्ही अनुभवात धरत नाही, बाई! वीस वर्षं या गादीवर बसलोय, मला शिकवू नकोस."

तेवढ्यात तोफ झाली. रावांचा हात सवयीनं दप्तराकडे गेला.

चिमाबाईनं हात जोडले. "मग राव, तुमचीही वीस वर्षं गेली की! आज पहिलाच दिवस म्हणायचा. नवख्या माणसाला कशाला त्रास? कुणी अनुभवी असेल तर बोलवा."

सगळी रांग खदाखदा हसली. रावांनी दप्तर पुन्हा पुढ्यात ओढलं. तोफेनंतर त्या नाक्यावर चिमाबाईच्या परवान्यावर शिक्का उमटला, तो वीस वर्षांत पहिल्यांदाच.