आबासाहेबांचा शेंदरी ट्रॅक्टर

आबासाहेब सरंजाम्यांचा जुना ट्रॅक्टर दहा मिनिटं नांगरायचा आणि रानाच्या मधोमध बसायचा. आधी धापा, मग दोन आचके, मग गप्प! ज्ञानू ड्रायव्हर खाली उतरून टाकीचं झाकण उघडायचा. आत पाहावं तर टाकी डिझेलने तुडुंब! झाकण लावून हातपंप चारदा दाबला की इंजिन पुन्हा सुरू, आणि दहा मिनिटांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तालुक्याहून दोन मिस्त्री येऊन गेले. एकाने डिझेलचा फिल्टर बदलला, दुसऱ्याने अख्खा पंप खोलून बसवला. फरक शून्य. आबासाहेबांचा स्वतःचा इलाज मात्र चालूच होता. वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर म्हणजे घरचं दैवत, आणि टाकीचं झाकण हे त्याचं कपाळ, असं त्यांनीच ठरवून टाकलेलं. दसऱ्याला त्यांनी झाकणावर तेलातला शेंदूर लिंपला. त्यानंतर ट्रॅक्टर जितक्यांदा बंद पडला तितक्यांदा नवा थर चढवला. झाकणाचा पार म्हसोबा झाला होता.

शेवटी आबासाहेबांचं डोकं फिरलं. सगळ्या गड्यांसमोर त्यांनी हुकूम सोडला. "उद्या संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठचं रान नांगरून झालं पाहिजे. ट्रॅक्टरला पाना लावायचा नाही, शेंदराचा कणही खरवडायचा नाही. जमलं नाही तर ज्ञानू, मळ्यातली खोली रिकामी कर आणि तुझी वाट धर."

ज्ञानूने पंप खोलणाऱ्या मिस्त्रीला निरोप धाडला. पाना न लावता दुरुस्ती, हे ऐकून तो पोट धरधरून हसला म्हणे.

दुसऱ्या दिवशी ज्ञानूची लेक हौसा भाकरी घेऊन बांधावर आली. ती त्याच खोलीत जन्मली होती. खोली गेली तर बिऱ्हाड कुठे न्यायचं, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात ट्रॅक्टर बसला. बापाने झाकण उघडलं आणि तिला ऐकू आलं, सुस्स! पुढच्या खेपेलाही तेच, सुस्स!

हौसाचे डोळे चमकले. घरी तेलाचा डबा फोडताना आई नेहमी दोन भोकं पाडायची, एक तेलाला आणि एक वाऱ्याला. तिने झाकण उलटं करून पाहिलं. मधे बारीक भोक होतं, वरून शेंदराने गच्च बुजलेलं.

आबासाहेब बांधावर छत्री रोवून काम बघत बसले होते, ती थेट त्यांच्याकडे गेली. हातात त्यांचीच सरबताची बाटली दिली आणि म्हणाली, ट्रॅक्टर चालंल, पण आधी सरकारांनी ही बाटली ओठ न उचलता, वारा आत न जाऊ देता संपवावी.

"अगं, उसाच्या रसाची कळशी एका दमात संपवणारा माणूस मी!" आबासाहेब गुरगुरले आणि बाटली तोंडाला लावली.

दोन घोट झाले. मग गाल आत गेले, डोळे बाहेर आले, निम्मी मिशी बाटलीत शिरली. सरबत काही येईना. अखेर टप्पकन बाटली सुटली तेव्हा आबासाहेबांचं नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं.

"सरबत संपलं का हो, सरकार?"

"बाटली भरलीय की! पण सरबत येईल कसं? आत वारा नको का जायला?"

"तुमी दोन घोटांत दमला. आपलं दैवत बिचारं धा मिन्टं कळ काढतंय," हौसा म्हणाली. "झाकणाला वाऱ्याचं भोक हाय, त्येच तुमी रोज लिंपताय. देवाचं नाक दाबून पूजा कुनी करतं का?"

गड्यांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. आबासाहेबांच्या मिशीतून सरबत ठिबकत होतं, पण हेका कायम! शेंदूर खरवडायचा नाही म्हणजे नाही, असं त्यांनी बजावलं.

"खरवडायचा कशाला? झाकणच तबकात ठेवून देवघरात बसवा. दैवताची जागा तितंच. टाकीला माजं फडकं बी चालतंय, त्यातनं वारा जातोय."

तिने भाकरीचं फडकं झटकून टाकीच्या तोंडाला घट्ट बांधलं. ज्ञानूने पंप दाबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. दिवस मावळायच्या आत रान नांगरून झालं, आणि ना पाना लागला ना शेंदराचा कण सांडला.

आबासाहेब मांडीवर शेंदरी झाकण घेऊन बांधावर बसले होते. एकाएकी ते असे हसू लागले की छत्री ओढ्यात गेली. "भोक बुजवलं मी, आणि खोली खाली करायला सांगतोय ज्ञानूला!"

खोली त्यांनी तिथल्या तिथे ज्ञानूच्या नावावर करायचा शब्द दिला आणि हौसाला एक दुभती म्हैस दिली. मग गड्यांकडे वळून ते गरजले, "आजपासून या ट्रॅक्टरला हात लावायचा तर आधी हौसाला विचारायचं. मी धरून सगळ्यांनी!"