बिनडागाची फिल्म

एका गावाबाहेर टेकडीवर एक प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख डॉ. साबळे. स्वच्छतेचं त्यांना भारी वेड. चपला तर सगळेच दाराशी काढत, पण साबळेसर आत येणाऱ्याला खिसेसुद्धा झटकायला लावत. ते एका धातूची केसाहूनही कितीतरी पातळ फिल्म बनवत. द्रव हेलियमच्या गारठ्यात बुडवली की ही फिल्म विजेला अजिबात अडवत नसे.

तिला एकच खोड होती. चुंबकाजवळ नेली की तिच्यात डोळ्यांना न दिसणारे चुंबकी भोवरे शिरत. ते जागच्या जागी बसले तर काही बिघडत नसे. पण वीज वाढवली की ती त्यांना ढकलायची, ते घसरू लागायचे, फिल्म तापायची आणि तिचा सगळा गुण निघून जायचा.

साबळेसर म्हणत, फिल्म अजून स्वच्छ हवी. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका दिसला की फिल्म बाद, असा तिथला रिवाजच होता.

त्यांच्या सहकारी नसीमा शिकलगार यांनी मात्र उलटंच केलं. त्यांनी फिल्मखाली कोबाल्टचे अतिसूक्ष्म ठिपके ओळीने बसवले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलासा चुंबक.

"सर, भोवरे येणारच," त्या म्हणाल्या. "त्यांना बसायला पाट मांडून देऊ. ठिपक्यावर बसले की हलणार नाहीत."

"फिल्मच्या तोंडावर देवीचे व्रण उठवलेत तुम्ही, बाई!" साबळेसर कडाडले. "कपाटात ठेवा ते."

पुढे परीक्षेचा दिवस आला. फिल्म चुंबकाजवळ भरपूर वीज वाहून नेते का, हे पाहायला समिती आली होती. नेली नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप. हेलियमची एकच टाकी उरली होती. फिल्म लावलेली कांडी आत सोडली की बरंच हेलियम उकळून जाई, आणि वीज चालू ठेवली की आणखी.

सरांनी आपली बिनडागाची फिल्म आत सोडली. वीज हळूहळू वाढवली. फिल्म विजेला किती अडवते हे दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर होता.

काटा थरथरला. मग वर सरकला.

"सर, भोवरे सुटलेत," नसीमाबाई हळूच म्हणाल्या. "आत्ता कांडी काढली तर माझ्या फिल्मपुरतं हेलियम उरेल."

"थांबा. स्थिरावेल."

साबळेसरांनी वीज कमी केली, पुन्हा वाढवली. काटा पुन्हा वर गेला. टाकीच्या नळीतून पांढरी वाफ भसाभस बाहेर पडत होती.

"सर, टाकी रिकामी होतेय!"

त्यांना दिसत होतं. कळतही होतं. पण समितीसमोर स्वतःच्या हाताने स्वतःची फिल्म बाहेर काढायची, हे त्यांच्या जिवावर आलं. हात बटणावरून हलेना.

"एकदाच अजून," ते म्हणाले.

काटा चढतच गेला. नळीतली वाफ विरळ झाली, तेव्हा कुठे साबळेसरांनी कांडी उपसली. नसीमाबाईंनी धावत कपाट उघडलं आणि आपली फिल्म कांडीला लावली. कांडी आत गेली. तापमान उतरू लागलं. उतरत उतरत, अगदी थोडं उरलं असताना ते थांबलं. मग पुन्हा वर चढू लागलं.

टाकीत हेलियमचा थेंब नव्हता.

समितीचे प्रमुख उठले. "आम्ही जे पाहिलं, तेच लिहिणार," ते म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

नसीमाबाई आपली फिल्म डबीत घालून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे हेलियम होतं. हवी तेवढी वीज वाहिली आणि काटा शून्यावरून हलला नाही.

बातमी साबळेसरांना कळली.

"माझ्याच कपाटात होती हो ती," ते म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

तात्पर्य: जे येणं टळणार नाही, त्याला वेळीच नीट जागा करून द्यावी; नुसत्या अभिमानापायी उशीर केला, तर शहाणपण येतं पण हातातली संधी निघून गेलेली असते.