सरकारांची इंग्रजी यादी

सोनवडीच्या सरकारांनी इंग्रजी शिकायला घेतलं आणि तिसऱ्याच धड्याला राजवाड्यातले चौतीस नोकर माणसांतून उठले!

धडा साधा होता. इंग्रजीत 'जो', 'जी' म्हणताना माणसाला 'हू' लावायचं आणि वस्तूला 'विच'. सरकारांना हा नियम इतका आवडला की त्यांनी राजवाड्याची यादीच इंग्रजीत लिहायला घेतली. मानकऱ्यांना 'हू' लागलं. राणीसाहेबांचे बंधू दिवसभर नुसते लोळत, त्यांनाही लागलं. पण स्वयंपाकी, माळी, घोड्यांचे मोतद्दार आले आणि टाकातून सरळ 'विच' उतरलं. मास्तर चाचरत म्हणाले की हीसुद्धा माणसंच आहेत. सरकारांनी त्यांना ठणकावलं की त्या दौलतीच्या वस्तू आहेत.

हेही हसून सोडता आलं असतं. पण यादीतल्या मोडक्या वस्तू दसऱ्याला वाड्याबाहेर काढायचा रिवाज होता, आणि फाटक्या गालिचांखाली सरकारांनी रामजी भालदाराचं नाव लिहिलं होतं. चाळीस वर्षं ललकाऱ्या देऊन म्हाताऱ्याचा आवाज चिरकला होता. वाड्यातल्या खोलीशिवाय त्याला दुसरं घर नव्हतं.

त्याची लेक तुळसा वाड्याच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची. ती तशीच पिठाच्या हातांनी सरकारांपुढे उभी राहिली आणि 'विच' खोडा म्हणाली.

"वस्तूंचं मी ऐकत नाही," सरकार म्हणाले. "दसऱ्याच्या आत मला माझ्या हातानं खोडायला लाव. तेही एक शब्द न बोलता. नाहीतर तुझा बाप गालिचांबरोबर बाहेर!"

तुळसानं मान डोलावली आणि ती निघून गेली. सरकारांना वाटलं, पोर घाबरली.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी वाड्यातली शस्त्रं, अवजारं, कामाच्या सगळ्या वस्तू मांडायच्या, मालकानं स्वतः त्यांना गंधफूल वाहायचं, हात जोडायचे आणि मग दसऱ्यापर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही, अशी रीत. सरकार उपाशीपोटी सोवळं नेसून आले ते दारातच थबकले. तलवारी, बंदुका, नांगर, दप्तरातले टाक, आणि त्यांच्या शेजारी पाटांवर मांडी घालून चौतीस नोकर! न्हालेले, तेल चोपडलेले, चिडीचूप.

भटजींच्या हातात तुळसानं आणून दिलेली सरकारांचीच यादी होती. वस्तू म्हणून जे लिहिलंय ते सगळं पुजावं लागेल, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

सरकारही हट्टीच. बसले पुजायला. स्वयंपाक्याच्या टकलावरून गंध घसरून नाकावर आलं. माळ्याला फार गुदगुल्या व्हायच्या, कानावर फूल ठेवताच तो गदागदा हलू लागला, पण तोंड उघडेना. मोतद्दाराच्या झुबकेदार मिशांत कुंकू सांडलं. विसाव्या नमस्काराला सरकारांची कंबर धरली. त्यांनी पाणी मागितलं. कोणी हललं नाही. वारा घाला म्हणाले, तरी नाही. मग दारात उभ्या असलेल्या राणीसाहेबांच्या बंधूंना पाणी आणायला सांगितलं, तर त्यांना विहीर कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं.

सरपटत सरकार शेवटच्या पाटाशी आले. तिथे तुळसा. तिच्या कपाळी कुंकू लावून ते कळवळून म्हणाले, "अगं, ऊठ, पाणी आण! आणि बोल काहीतरी, माझी परवानगी आहे."

"सरकार, पुजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत उठत नाही," तुळसा म्हणाली. "हाकेसरशी उठतं ते माणूस. तुम्ही हाक कोणाला मारताय, तेवढं सांगा."

सरकार असे हसू लागले की दुखरी कंबर धरून खालीच बसले. यादी ओढून त्यांनी टाकाकडे हात नेला, तर भटजी खाकरले, कारण टाकही पुजलेला! शेवटी सरकारांनी कुंकवाच्या बोटानं रामजीपासून सुरुवात करून चौतीसही ठिकाणी 'विच' खोडलं आणि वर ठसठशीत 'हू' काढलं. तेव्हा कुठे तुळसा उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

घटाघटा पाणी पिऊन सरकारांनी रामजीची खोली त्याला कायमची दिली आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून तुळसाच्या हातात घातलं.